कोतवाल जेवत नाही

साहेब, बोडख्या टेकडीला फाटक तुम्ही लावलंत. टेकडीनं त्यासाठी अर्ज केला नव्हता. वाटूरच्या आसपासच्या कुणा माणसानं मागणी केली नव्हती. टेकडीला कुंपण नाही, दोन्ही अंगांनी मोकळा माळ आहे, आणि मधोमध तुमचं ते निळ्या रंगाचं लोखंडी फाटक एकटंच उभं आहे. शेळ्या त्याच्या डाव्या बाजूनं वर जातात आणि उजव्या बाजूनं खाली येतात. फाटकातून जायची सक्ती फक्त माणसांना. वर पाटी : 'वनवैभव निसर्ग उद्यान'. वन म्हणाल तर चार बाभळी आणि एक वाळकं निंबाचं झाड, त्यालाच ती पाटी तारेनं बांधलेली. आणि खाली लाल अक्षरात : 'पाळीव प्राण्यांस सक्त मनाई'.

ही एक ओळ लिहून तुम्ही पुंजारामसारख्या सरळ माणसाला खोटं बोलायला लावलंत. एका इज्जतदार कुत्र्याला बेवारस ठरवलंत, दुसऱ्याला चिखलात लोळायला लावलंत. आणि वरून खुलासा मागवलात तो पुंजारामकडूनच! तो बिचारा रोज कागद घेऊन बसतो. 'माननीय साहेब' लिहून झालं की त्याचा पेन तिथंच उभा राहतो, कारण पुढं काय माननीय आहे ते त्याला सापडत नाही. म्हणून जे झालं ते मी सांगतो. नीट ऐका.

कोतवाल हा पुंजारामची बायको बेबीनंदा हिच्या वडलांचा, सूर्यभान आबांचा कुत्रा. अंगानं काळा, छातीवर पांढरा ठिपका, एक कान कुठल्याशा भांडणात अर्धा गेलेला. आबांचं शेत बोडख्या टेकडीच्या पायथ्याशी. आबा रोज सकाळी टेकडीवर जायचे, कोतवाल मागं. कशाला जायचे ते कुणी विचारलं नाही आणि आबांनी सांगितलं नाही. भाद्रपदातल्या पावसात आबा गेले. सगळं आटोपून लोक आपापल्या घरी निघाले, पण कोतवाल उंबऱ्याशी बसून राहिला. बेबीनंदानं त्याच्याकडं पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्याला आपल्यासंगं न्यायचंय."

पुंजाराम जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या गोदामावर काम करतो. बायकोला नाही म्हणायची कला त्याला अवगत नाही. कोतवाल जालन्याला आला, जिन्याखाली त्याची जागा झाली, आणि त्यानं जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे अगदी सोडलंच. पाणी प्यायचा. प्रेमनं, म्हणजे पुंजारामच्या पोरानं, लपून दिलेलं एखादं बिस्कीट कधी तोंडात धरायचा आणि कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. बरगड्या दिसायला लागल्या. बेबीनंदाच्या जिवाची उलघाल झाली. बाप तर गेला. बापाच्या मागं राहिलेलं हे एक जितंजागतं जनावर, तेही आपल्या दारात उपाशी मरतंय की काय! ती रोज ताजा स्वैपाक करायची आणि सगळ्यात आधी, घरात कुणी घास घ्यायच्या आधी, नव्या स्टीलच्या वाडग्यात कोतवालसमोर ठेवायची. घरात कायदाच झाला : आधी त्याचं, मंग आपलं. सगळं घर भुकेल्या पोटी जिन्यावर ओळीनं बसायचं आणि कुत्र्याकडं पाहायचं. कुत्रा घराकडं पाहायचा. वरण गार व्हायचं. शेवटी बेबीनंदा डोळ्याला पदर लावून वाडगा उचलायची, आणि मंडळी आत जाऊन, दार लावून जेवायची. उपाशी जनावराच्या डोळ्यांदेखत खायचं म्हणजे पाप, म्हणून दार लावायचं.

उरलेलं त्याला द्या, असं एकदा साक्षी बोलून गेली. साक्षी म्हणजे थोरली, बारावीला. बेबीनंदा तिच्यावर अशी फिरली की पोरगी दोन पायऱ्या मागं सरली.

"उष्टं? माझ्या आजीच्या पदरात गावानं उष्टं टाकलं. छप्पन साली दीक्षा घेतली अन् आजीनं तो पदर झटकला. तव्हापासून आमच्या घरात कुणी उष्टं घेतलं न्हाई, अन् कुणाला दिलं बी न्हाई. अन् माझ्या बापाच्या कुत्र्याला देऊ?"

साक्षीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

शेजारी मात्र बोलले. शेजाऱ्यांना बोलायला विषय मिळाला की ते स्वतःचं काम सोडून तुमचं करतात. भुजंगकाका रिटायर झाल्यापासून सगळ्या गल्लीचे सल्लागार आहेत. ते म्हणाले, "पुंजाराम, दृष्ट लागली. मिरच्या ओवाळ." पुंजारामचा मिरच्यांवर विश्वास नाही. पण तो तसं म्हणेपर्यंत काकांनी स्वतःच ओवाळून टाकल्या होत्या आणि धुरानं सगळी गल्ली खोकत होती. कोतवाल तेवढा खोकला नाही. जनावरांच्या डॉक्टरनं डिप्रेशन सांगितलं, गुलाबी टॉनिक दिलं आणि "प्रेमानं भरवा" असा सल्ला दिला. पुंजारामनं प्रेमानं भरवलं. ते टॉनिक पुंजारामच्या शर्टावर अजून आहे.

शेजारच्या तृप्तीवहिनींचं निदान वेगळं. त्यांच्याकडं ब्राऊनी नावाचं कुत्रं आहे. फुलदाणीएवढं, पांढरं, केसाळ, अंगात कायम स्वेटर. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याला कंपनी पायजे. माणसाला माणूस, कुत्र्याला कुत्रं."

अखेर साक्षी म्हणाली, "पप्पा, आपण त्याला टेकडीवर नेऊ. आबा न्यायचे तिथंच. तिथं गेल्यावर खाईल."

आता आली का पंचाईत! कुत्र्याला एसटीत घेईना कुणी. मोटारसायकलवर कोतवाल बसेना. तृप्तीवहिनींचे यजमान कल्याणराव यांच्याकडं जुनी व्हॅन होती. मागायला गेल्यावर कल्याणराव लगेच हो म्हणाले. वहिनी आतून म्हणाल्या, "न्या की भाऊजी, बिलकुल न्या. फक्त ब्राऊनीला बी संगं न्या. त्याला बी हवापालट, अन् तुमच्या कोतवालला कंपनी."

अशा रीतीनं दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर आलेली, अशा एका रविवारी हे कुटुंब निघालं. पुंजाराम, बेबीनंदा, साक्षी, प्रेम, कोतवाल, आणि स्वेटर घातलेला ब्राऊनी. संगं भाकरी, बेसन, ठेचा, आणि कोतवालसाठी वेगळ्या डब्यात कोंबडीचं पाणी घातलेला भात. परतीचा पाऊस गेला असं रेडिओ सांगत होता, पण जाता जाता तो वारा मागं सोडून गेला होता. वाटूर फाट्यावरच व्हॅन हलायला लागली. बांधावरच्या सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री फडफडत होती, कापसाची वेचणी करणाऱ्या बायांनी पदर दातात धरले होते, आणि आभाळ असं की अर्ध्यात ऊन, अर्ध्यात काळोख. शहाण्या माणसानं तिथून गाडी वळवली असती. पण पुंजारामनं मोठ्या अभिमानानं सुट्टीतली पांढरी टोपी घातली होती, आणि टोपी घातलेला माणूस सहसा मागं फिरत नाही.

फाटकाशी खुर्चीवर एक माणूस बसला होता. खाकी शर्ट, डोक्याला उपरणं, आणि खुर्ची उडू नये म्हणून खुर्चीच्या पायावर दगड. हा हरिओम. तुमचा माणूस, साहेब, म्हणजे कंत्राटावरचा.

"कुत्रे कुणाचे?" त्यानं विचारलं.

"आमचे," पुंजाराम म्हणाला.

"मंग जमत न्हाई. पाटी वाचा."

पुंजारामनं पाटी वाचली. मग फाटकापलीकडं ऊन खात पडलेल्या तीन-चार गावठी कुत्र्यांकडं बोट केलं. "अन् हे?"

"ते पाळीव न्हाईत. बेवारस हायत. बेवारसाला पाटीवर मनाई न्हाई."

"म्हणजे जे कुत्रं कुणाचंच न्हाई, ते जाऊ शकतं?"

"बराबर."

"अन् ज्याला कुणी जीव लावला, ते न्हाई?"

हरिओमनं मान खाली घातली. "दादा, पाटी मी न्हाई लिहिली. साहेबानं लिहिली. मला फक्त खुर्ची दिली."

प्रेम म्हणाला, "पप्पा, बाजूनं जाऊ ना. शेळ्या चालल्यात बघा."

"आपण शेळ्या हौत का?" पुंजाराम गरजला. त्याच्या स्वाभिमानाला कुणी हात लावला की त्याचा आवाज पातळ होतो. आत्ताही झाला.

बेबीनंदा पुढं आली. तिनं हरिओमला सगळं सांगितलं : आबा, टेकडी, उपास. हरिओम ऐकत राहिला. आबांना तो ओळखत होता. खुर्ची मिळाली तेव्हा आबांनीच तिला पहिला दगड लावून दिला होता. तो म्हणाला, "ताई, हे कुत्रं तुमचं हाय हे मला कसं कळलं? तुम्ही सांगितलं म्हणून. न्हाई सांगितलं, तर मला कसं कळणार? पट्टा काढा. ते आपल्या पायानं गेलं, तर मी काय करू?"

मार्ग निघाला. पण आता पुंजारामला ते तोंडानं म्हणावं लागणार होतं. हरिओमला साहेब विचारतील तेव्हा त्याला शपथेवर सांगता यायला हवं. पुंजारामनं आयुष्यात गोदामातला एक दाणा इकडचा तिकडं केला नाही. त्यानं पट्टा काढला. डोळे मिटले.

"हे कुत्रं आमचं न्हाई."

कोतवालनं त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. सासरा असता तरी त्यानं असं बघितलं नसतं.

"हे झालं," हरिओम म्हणाला. "पण ते दुसरं?"

सगळ्यांनी ब्राऊनीकडं पाहिलं. स्वेटर निळ्या लोकरीचा, त्यावर बदक विणलेलं. केसांना शांपूचा वास. डोळ्यांत लहानपणापासून कुणी दुखावलं नसल्याचा विश्वास.

"ह्याला मी बेवारस कसं म्हणू?" हरिओमनं हात जोडले. "माझी नोकरी जाईल, दादा."

"ह्याला गाडीत ठिवू," साक्षी म्हणाली. पण व्हॅनची मागची काच बसत नव्हती, आणि ब्राऊनीनं काही केलं तर वहिनींना काय तोंड दाखवायचं? मग जे झालं ते सांगायला पुंजारामला अजूनही लाज वाटते. स्वेटर काढला. आतून निम्मंच कुत्रं निघालं. फाटकाशेजारी पावसाचं डबकं साचलेलं होतं. प्रेमनं ब्राऊनीला त्यात हळूच बसवलं. आणि ते कुत्रं, जन्मात ज्यानं चटईखेरीज काही पाहिलं नव्हतं, ते आनंदानं वेडं होऊन त्यात असं लोळायला लागलं की प्रेमची चड्डीसुद्धा बेवारस दिसायला लागली.

हरिओम जाणकाराच्या नजरेनं बघत होता. "शेपटीला बी लागू द्या जरा. हां. आता बराबर."

आणि हे कुटुंब, आपली दोन्ही कुत्री आपली नाहीत असं दाखवत, वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून फाटकातून आत शिरलं.

वर वारा काय होता म्हणून सांगू! तो समोरून येत नव्हता, सगळीकडून येत होता. आधी पुंजारामची टोपी गेली. ती थेट वर उडाली, थोडी थांबली, जणू निरोप घेत, आणि आष्टीच्या दिशेनं निघून गेली. मग बेबीनंदाच्या पदरानं तिचंच डोकं गुंडाळलं. ब्राऊनी दोनदा घरंगळला, दोन्ही वेळा उठून पुन्हा वाऱ्यावर भुंकला. तुमच्या खात्यानं ठेवलेलं सिमेंटचं बाकडं वाटेत लागलं; त्याचा एक पाय खचलेला होता, त्यावर बसायला गेलेला पुंजाराम शांतपणे उतारानं घसरत खाली आला आणि करवंदीच्या जाळीत थांबला. पँट फाटली. कुठं फाटली ते कुटुंबानं त्याला सांगितलं नाही, आणि तो पुढं चालत असल्यामुळं सगळ्यांनी खाली पाहत चढाई केली.

कोतवाल मात्र पुढं होता. कान टवकारलेले, शेपटी वर. बेबीनंदाला वाटलं, आता खाईल. नक्की खाईल.

वर एक मोठा खडक आहे. त्याच्या आडोशाला वारा लागत नाही. कोतवाल तिथं जाऊन बसला. बेबीनंदानं घाईघाईनं भाताचा डबा उघडला, कोतवालसमोर ठेवला.

कोतवालनं डब्याकडं पाहिलं. मग त्या सगळ्यांकडं पाहिलं. आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात चिखलाचा एक गोळा मधून गेला. ब्राऊनी. डबा मिनिटात साफ. झाकणसुद्धा चाटून पुसून.

बेबीनंदानं तोंडात पदर कोंबला. "माझ्याच्यानं एक कुत्रं जगवणं होईना," ती म्हणाली. "आबा काय म्हणतील?" मग डोळे पुसून म्हणाली, "ते खात न्हाई, तर आज कुणीच खायचं न्हाई."

आणि इथं, साहेब, पुंजारामचा बांध फुटला. पहाटेपासून पोटात चहाशिवाय काही नाही. टोपी गेलेली, पँट गेलेली, खोटं बोलून झालेलं.

"मी खाणार!" तो पातळ आवाजात ओरडला. "मी माणूस हाय! मला भूक लागलीय! तुम्हाला काय करायचं ते करा!"

त्यानं फडकं सोडलं, भाकरी घेतली, वर बेसन घेतलं, आणि खडकाच्या कडेला बसून, सगळ्यांकडं पाठ करून खायला लागला. लाज वाटत होती, पण भूक जास्त होती. दोन घास गेले. तिसरा घेताना त्याला वाटलं, समोर कुणीतरी आहे.

कोतवाल उठून त्याच्यासमोर येऊन बसला होता. शेपटी जमिनीवर हलत होती. नजर भाकरीवर नव्हती, पुंजारामच्या तोंडावर होती.

पुंजाराम खात राहिला. कोतवाल बघत राहिला. भाकरीचा शेवटचा चतकोर उरला आणि तो काही पुंजारामच्या घशाखाली जाईना. अशी नजर समोर असताना कोण गिळेल? त्यानं नकळत तो चतकोर पुढं केला.

कोतवालनं तो अगदी हळू, दात बोटाला न लागू देता उचलला. खाल्ला. तोंड चाटलं. मग शिस्तीत उठला आणि प्रेमसमोर जाऊन बसला.

साक्षीनं फडक्यातली एक भाकरी प्रेमच्या हातात दिली.

"प्रेम," साक्षी हळूच म्हणाली, "भाकर खा. जल्दी."

प्रेमनं खाल्ली. शेवटचा तुकडा कोतवालला. मग साक्षीनं. तिचाही. कोतवाल प्रत्येकापुढं बसे, प्रत्येकाचं होऊ देई, आणि शेवटचं तेवढं घेई. शेवटी तो बेबीनंदासमोर येऊन बसला. ती हातात भाकरी धरून तशीच होती.

"आबा असेच बसायचे," ती म्हणाली. "शेतात. मी पोर होते तव्हाचा कुत्रा बी असाच त्यांच्यासमोर बसायचा. त्यांचं झाल्याबिगर तोंड लावत नव्हता." मग तिला कळलं. "अहो, म्हणजे इतके दिवस ते आपली वाट बघत होतं."

"अन् आपण त्याची," पुंजाराम म्हणाला. "मी तर जिन्यावर बसून मरायला टेकलो होतो."

तरी तिचा हात पुढं होईना. "पण उष्टं..."

"माझ्या कपातला उरलेला च्या तू रोज पिते. ते उष्टं असतं का?"

"ते येगळं."

"कसं येगळं?"

"ते तुमचं असतं."

"मंग हे बी आपलंच हाय ना," पुंजाराम म्हणाला. फाटकाशी डोळे मिटून जे बोलला होता, ते आठवून त्याचा आवाज जरा फाटला.

बेबीनंदा जेवली. सावकाश, एकेक घास, कोतवालच्या डोळ्यांत बघत. शेवटचा घास तिनं त्याला तळहातावर दिला, आणि त्यानं तळहातसुद्धा चाटला. मग ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच, आणि वाऱ्यानं दोन्ही उडवून नेलं.

खाली येताना सगळे गाणी म्हणत होते. पुंजारामनं पँटीमागं ब्राऊनीचा स्वेटर बांधला होता. आणि फाटकाशी तुमची जीप उभी होती.

तुम्ही खाली उतरलात. पांढरी पँट, काळा चष्मा. हरिओम दगडासारखा उभा. तुम्ही विचारलंत, "ही कुत्री कुणाची?"

हरिओमनं पुंजारामकडं पाहिलं. डोळ्यांनी विनवत होता : म्हणा, म्हणा, आमची न्हाईत. साधी गोष्ट होती. सकाळी एकदा म्हणून झालीच होती.

"आमची," पुंजाराम म्हणाला. "दोन्ही. हा कोतवाल, आमच्या घरचा हाय. हे ब्राऊनी, शेजाऱ्याचं, पण आज आमचंच. अन् ह्या माणसाला काही विचारू नका. ह्यानं अडवलं होतं. मी त्याच्याशी खोटं बोललो."

तेवढ्यात ब्राऊनीला तुमची पँट आवडली. चिखलासकट आवडली. ते मी वेगळं सांगत नाही. डाग तुम्हाला माहीत आहेत.

घरी आल्यावर तृप्तीवहिनींनी ब्राऊनीकडं पाहिलं आणि "हे कुणाचं हो?" असं विचारलं. तीन वेळा अंघोळ घातल्यावर त्यांना आपलं कुत्रं सापडलं. त्या रात्री ब्राऊनी स्वेटर घालून घेईना. अजूनही घेत नाही. भुजंगकाका म्हणतात, मिरच्यांनीच गुण आला. पुंजारामच्या घरी आता दार उघडं टाकून जेवतात, कोतवाल उंबऱ्यात बसतो, आणि त्याच्या बरगड्या पुन्हा मांसाखाली गेल्या आहेत.

तर हा खुलासा. पुंजाराम खोटं बोलला, आणि त्यानं ते तुमच्या तोंडावर परत घेतलं. त्याचं झालं. आता तुमचं राहिलं. हरिओमला तुम्ही कामावरून कमी केलंत असं ऐकतो. अडवणारा तोच होता, हे पुंजारामनं तुमच्या समोर सांगितलं होतं. मग कोणत्या गुन्ह्यासाठी? आणि दुसरं : सूर्यभान आबा त्या टेकडीवर चढायचे तेव्हा तिथं फाटक नव्हतं, पाटी नव्हती, तुम्ही नव्हता; कुत्रा होता. कोतवालला कळतं की आपल्या आधी कोण आहे आणि त्याचं होईपर्यंत कसं थांबायचं. त्या टेकडीवर तुमच्या आधी कोण होतं, हे तुम्हाला कळतं का?

उत्तर द्या. लेखी द्या, आणि सही तुमची असू द्या, कंत्राटी माणसाची नको.